पाय पसरायला जागा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं लिहिलं आहे. वय ६१. यजमान ६८ वर्षांचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मधुमेह आहे आणि दीड वर्षापूर्वी उजव्या गुडघ्याचं प्रत्यारोपण झालंय. सुनेच्या बाळंतपणासाठी दोघं अमेरिकेला निघालेत, दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. मुंबईहून पहाटे चारचं विमान, दोह्याला साडेपाचला उतरायचं, पुढचं विमान दुपारी दोनला. परत येताना दोह्यात तीन तास. आई-बाबांनी एवढा वेळ खुर्चीत अवघडून बसू नये म्हणून मुलानं विमानतळावरच्या तीन आलिशान लाउंजचे, म्हणजे पैसे भरून बसायच्या आरामशीर दालनांचे, पर्याय पाठवलेत. त्यातल्या सगळ्यात भारी लाउंजचे दोघांचे, जाता-येता मिळून, पंचवीस हजारांच्या घरात जातात. यजमान म्हणतात, "नुसतं बसायला एवढे पैसे? मी स्टँडवर रात्री काढल्यात." ताई विचारतात: यातला कुठला निवडू? यांना कसं पटवू? आणि ताजा कलम म्हणून शेवटी, बारीक अक्षरात: "अशा ठिकाणी आपल्यासारख्यांनी वागायचं कसं असतं?"

ताई,

तिन्ही प्रश्नांवर येते, पण आधी तुमच्याच पत्रातलं एक वाक्य. मध्येच कुठेतरी तुम्ही लिहून गेलात, "आदल्या दिवशी दुपारी दोनला घरून गाडी करून निघू." तिथे मी थांबले आणि कागद-पेन घेऊन हिशोब मांडला.

दोनला निघालात, की साताऱ्याच्या आसपास चहा, पुढे कुठेतरी जेवण, एक्सप्रेसवे, पनवेलची गर्दी, असं करत विमानतळावर अकरा. मग बॅगा, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, गेटपाशी ताटकळणं. चारला विमान. मुंबई-दोहा प्रवास चारेक तासांचा, त्यात मध्येच दिवे लागणार, ट्रे येणार. झोप म्हणाल तर तास-दीड तास, तीही मान वाकडी करून. दोह्यात उतराल तेव्हा तिथे साडेपाच वाजलेले असतील, पण दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे तुमच्या अंगातल्या घड्याळात आठ. घर सोडून अठरा तास झालेले. निघायच्या दिवशी सकाळी सहाला उठला असाल (उठालच, घर बंद करून निघणारी बाई उशिरा कुठली उठते), तर सव्वीस तास जवळजवळ जागरण. आणि पुढे अमेरिकेचं विमान चौदा-पंधरा तासांचं.

अशा वेळी तुमच्या यजमानांना काय हवं असेल, सोफा की गादी?

मुलानं पाठवलेले तिन्ही पर्याय सोफ्याचे आहेत. महागडे, मऊ, बाजूला दिवा असलेले, पण सोफेच. म्हणून यातला कुठला, या प्रश्नाचं माझं उत्तर "जाताना एकही नको" असं आहे. लगेच यजमानांना जाऊन सांगू नका, पूर्ण वाचा. ते जिंकलेत असं मुळीच नाही.

लाउंज ही मुळात कोणासाठी काढलेली गोष्ट आहे हे जरा बघू. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सनं 'ॲडमिरल्स क्लब' नावाची खोली काढली, विमानतळांवरच्या लाउंजची सुरुवात तिथून धरतात. सुरुवातीला ती बड्या गिऱ्हाइकांसाठी, निमंत्रणावरची जागा होती. कामाला निघालेला माणूस, हातात एक बॅग, दोन फोन करायचे, एक पेय घ्यायचं आणि पुढचं विमान पकडायचं. आजही बहुतेक लाउंजची मांडणी त्याच माणसाला धरून असते. वायफाय, चार्जिंग, कॉफी, गरम जेवण, दोन-तीन तास शांतता. तुमचा मुलगा कंपनीच्या कामानं फिरतो असं तुम्ही लिहिलंय. त्याला लाउंजमध्ये जे सुख मिळतं तेच त्यानं तुम्हाला द्यायला घेतलं. मायेनंच घेतलं, पण मापं स्वतःची घेतली.

एक बारीक गोष्ट सांगते, जी जाहिरातीतल्या फोटोत दिसत नाही. भारी लाउंजमधले सोफे बुटके आणि खोल असतात. त्यात बसलं की माणूस मागे जातो आणि गुडघे कमरेच्या वर येतात. तुमच्या-माझ्यासारख्यांना ते झोपाळ्यासारखं वाटतं. गुडघा बदललेल्या माणसाला त्यातून उठताना काय होतं ते मी माझ्या मोठ्या दिरांच्या बाबतीत पाहिलंय. दोन्ही हात टेकून पुढे सरकायचं, मग टेकायला काही नाही म्हणून समोरच्या काचेच्या टीपॉयवर हात ठेवायचा, टीपॉय सरकतो, कप लवंडतो, आणि चार माणसं वळून बघतात. त्यानंतर ते तीन तास उठलेच नाहीत. लघवीलासुद्धा नाही. मधुमेही माणसानं, लांबच्या विमानप्रवासाच्या आधी, तीन तास पाय न हलवता बसणं हे कुठल्याच डॉक्टरला आवडणार नाही. तेव्हा येताना लाउंज घ्याल तर आत शिरल्यावर आधी जेवणाच्या टेबलाची हाताची खुर्ची शोधा. दिसायला साधी, पण यजमानांसाठी तीच सगळ्यात सोयीची.

आता 'वसूल'. तुमच्या पत्रात हा शब्द तीनदा आलाय, एकदा तुमच्या तोंडी आणि दोनदा यजमानांच्या. यात मी स्वतः पोळलेली आहे म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी एका परक्या विमानतळावर पाच तास काढायचे होते. आम्ही दोघांनी रोख पैसे भरून लाउंज घेतला आणि आत पाऊल टाकल्यापासून माझ्या डोक्यात एकच, माणशी एवढे दिलेत तर तेवढ्याचं खाल्लं पाहिजे. पास्ता खाल्ला, पुन्हा खाल्ला. केकचे तीन प्रकार होते, तिन्ही घेतले. आमच्या ह्यांनी चीजचे तुकडे कागदी रुमालात गुंडाळून खिशात टाकले, जे पुढे दोन दिवसांनी सापडले. मग सुस्ती आली आणि दोघांचाही डोळा लागला. लाउंजमध्ये बहुधा विमानांच्या घोषणा होत नाहीत, शांततेचेच तर पैसे घेतात. जाग आली तेव्हा गेट बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. एका चपलेचा पट्टा न लावता मी त्या लांबलचक पॅसेजमधून पळाले. विमानात बसल्यावर पोटात काय कालवाकालव झाली ते लिहीत नाही. लग्नाच्या पंगतीतही आपण भरलेल्या आहेरावर जेवण मोजत नाही, मग तिथेच का मोजत होते कोण जाणे.

तुमच्या दोह्याकडे वळू. हमद विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला, चकचकीत आहे आणि अफाट पसरलेला आहे. कतार एअरवेजचा 'अल मुर्जान' हा बिझनेस क्लासवाल्यांसाठी बांधलेला लाउंज एकटाच दहा हजार चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ अडीच एकर. आपल्याकडे एवढ्यात ऊस लावतात. साध्या वर्गाच्या प्रवाशांसाठी पैसे भरून मिळणारे लाउंज वेगळे, मुलानं पाठवलेले बहुधा त्यातले असतील.

पण याच विमानतळाच्या आत, इमिग्रेशन ओलांडून बाहेर न पडता, ओरिक्स नावाचं हॉटेल आहे. तिथे तासांच्या हिशोबानं खोली मिळते. पलंग, स्वतःची न्हाणी, दार लावता येतं. आतच असल्यामुळे कतारच्या व्हिसाचा प्रश्न येत नाही. शिवाय 'स्लीप एन फ्लाय' म्हणून झोपण्यासाठीचीच जागा आहे, तिथे छोट्या केबिन आणि कुपीसारख्या बंदिस्त खुर्च्या-पलंग तासांवर मिळतात. आणि अगदीच फुकटातलं म्हणाल तर विमानतळाच्या 'क्वायट रूम' आहेत, अंधाऱ्या, मागे रेलता येणाऱ्या खुर्च्यांच्या, बायकांच्या वेगळ्या आणि पुरुषांच्या वेगळ्या. पण तिथे खुर्ची रिकामी मिळेलच असं नाही, आणि तुम्ही दोघं दोन खोल्यांत झालात तर त्यांची साखर उतरली तरी तुम्हाला कळणार नाही. म्हणून तुमच्यासाठी तो पर्याय मी बाजूला ठेवते. धडधाकट तरुण पोरांनी मात्र आधी तिथेच डोकवावं.

पैशांचं बघा. लाउंज माणशी आकारतात, खोली खोलीच्या हिशोबानं. दोघं असलात की दोन्हीतला फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघतो, कधी खोलीच स्वस्त पडते. दर हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा मुलाला तुमच्या तारखेचे दोन्ही दर शेजारी-शेजारी मांडायला सांगा. खोली घेताना तीन गोष्टी विचारून घ्यायला सांगा: कमीत कमी किती तासांची घ्यावी लागते, सकाळी साडेसहाला ताबा मिळेल का, आणि न्हाणीत धरायला दांडी आहे का की टबात पाय उचलून जावं लागतं. ही तिसरी चौकशी कोणी करत नाही आणि गुडघेवाल्यांचं तिथेच अडतं.

आणि आठ तास हाताशी आहेत असं समजू नका. साडेपाचला विमान टेकलं तरी व्हीलचेअरवाल्यांना बहुधा शेवटी उतरवतात. मग पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी, पुढच्या विमानाआधी ती होतेच, तेव्हा पाण्याच्या बाटल्या रिकाम्या ठेवा. गुडघ्यातल्या धातूमुळे यंत्र ओरडेल, यजमानांनी आधीच गुडघ्यावर हात ठेवून सांगायचं, घाबरायचं नाही. खोलीपर्यंत पोचेस्तोवर साडेसहा. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या विमानांसाठी गेटपाशी जादा तपासणी होते आणि ती लवकर सुरू होते. मी तर पावणेएकला गेटाकडे निघा म्हणेन. म्हणजे हाती येतात सहा तास. त्यात अंघोळ, खाणं वजा केलं की साडेचार-पाच तासांची सलग झोप. सव्वीस तासांच्या जागरणानंतर ही झोप मिळाली तर पुढचे पंधरा तास निभावतात. फोनचा गजर लावा, शिवाय हॉटेलच्या काउंटरवर उठवायला सांगा. दोन्ही करा.

यजमानांना पटवण्याचं काम खरं तर सोपं आहे, कारण युक्तिवाद त्यांच्याच नोकरीत पडलेला आहे. त्यांना विचारा, "मुक्कामी गाडी घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला रात्रभर बाकड्यावर बसवून सकाळची पहिली फेरी तुम्ही कधी दिली होती का?" वाहतूक नियंत्रक होते ते. मुक्कामी ड्रायव्हर-कंडक्टरला आडवं व्हायला जागा हवी, हे त्यांना मी सांगायची गरज नाही. दोहा हा तुमचा मुक्काम आहे, पुढे लांबची फेरी आहे. आणि स्टँडवर रात्री काढल्या त्या अठ्ठाविसाव्या वर्षी, स्वतःच्या मूळ गुडघ्यांवर. हे शेवटचं वाक्य जरा जपून, हसत म्हणा.

त्यांच्या नकाराला तुम्ही चिकटपणा म्हणताय. मला तसं वाटत नाही. पत्रात तुम्ही लिहिलंय की गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसेही मुलानंच भरले, आणि तिकिटंही त्याचीच. आयुष्यभर पगारावर घर चालवलेल्या माणसाला दर वेळी पोराकडून घेताना कुठेतरी टोचतंच. मग ते गुडघ्याला नाही म्हणू शकत नाहीत, तिकिटाला नाही म्हणू शकत नाहीत, लाउंजला म्हणतात. तिथे नाही म्हणणं परवडतं. तेव्हा एक करून बघा, खोलीचे पैसे तुम्ही दोघांनी, तुमच्या पेन्शनमधून भरा. मुलाला सांगा, "तिकीट तू काढलंस, मुक्काम आमचा." आणि वेळापत्रक यजमानांकडून करून घ्या. किती वाजता कुठे, मध्ये किती अवधी, गोळ्या-इन्सुलिन कधी. कागदावर, रकाने पाडून. ते काम त्यांच्या इतकं चांगलं तुमच्या घरात कोणी करणार नाही, आणि स्वतः आखलेल्या वेळापत्रकाशी ते भांडणार नाहीत. औषधांच्या वेळा मात्र निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, अडीच तास आणि मग आणखी सात-आठ तासांचा किंवा त्याहून जास्त फरक पडणार आहे, तो अंदाजानं मोजायचा नसतो. इन्सुलिन आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.

व्हीलचेअर लावलीत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. न लावण्याचा विचार असेल तर तो सोडा. विमान कंपनीकडे ती विनामूल्य मिळते, फक्त निदान अठ्ठेचाळीस तास आधी कळवायचं. "मी काही अपंग नाही" असं यजमान म्हणाले तर त्यांना सांगा, व्हीलचेअरच्या बुकिंगवर येणाऱ्या 'डब्ल्यूसीएचआर' या खुणेचा अर्थच मुळी असा की माणूस चालतो, जिने चढतो, पण लांब अंतर झेपत नाही. हमदमध्ये आतल्या आत आगगाडी फिरते, एवढी अंतरं आहेत.

पण व्हीलचेअरची एक खोच आहे आणि लाउंज निवडणारे नव्वद टक्के मुलगे ती विसरतात. मदतनीस तुम्हाला आपल्या सोयीनं नेतो. बहुतेक ठिकाणी मदत लागणाऱ्या प्रवाशांसाठी बसायची वेगळी जागा असते, तिथे नेऊन बसवतात आणि विमानाच्या वेळेला पुन्हा न्यायला येतात. मध्ये तुम्ही पैसे भरून घेतलेला लाउंज असो की हॉटेल, तो तिथून अर्धा किलोमीटर लांब असू शकतो आणि खुर्ची ढकलणारा निघून गेलेला असतो. म्हणून उतरल्या उतरल्या, खुर्चीत बसतानाच, बुकिंगचा कागद दाखवायचा आणि सांगायचं, आम्हाला इथे सोडा, आणि न्यायला कोण, किती वाजता, कुठे येईल ते लिहून द्या. हे वाक्य मुलाकडून इंग्रजीत मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि कागद पर्समध्ये वरच ठेवा. तोंडानं सांगताना अडखळायला होतं, कागद अडखळत नाही. विमान कंपनीलाही आधी कळवून ठेवा की मध्ये हॉटेलात थांबणार आहोत.

येतानाच्या तीन तासांचं काय? तीन तासांतला तास उतरण्यात आणि तपासणीत जातो, तासभर आधी गेट गाठायचं. उरला एक तास. त्यासाठी माणशी हजारो रुपये भरायचे असतील तर मी यजमानांच्या बाजूनं आहे. सोफ्यापेक्षा गेटजवळची हाताची खुर्ची, गरम चहा आणि पाय मोकळे करायला दोन फेऱ्या पुरे. फेरीसाठी 'द ऑर्चर्ड' नावाची काचेच्या छताखालची बाग आहे, २०२२ मध्ये केलेली, खरी मोठी झाडं आहेत, पाणी आहे, काही पैसे पडत नाहीत. एरवी येताना अंगाचा चिकटपणा असह्य झाला तरच शॉवर असलेला साधा लाउंज बघा. शॉवरसाठी आत गेल्या गेल्या नाव लावायचं, रांग असते. पिशवीत एक धुतलेला जोड आणि आपला पातळ पंचा ठेवा, तिथला जाड टॉवेल मिळाला तरी पंच्याचं सुख वेगळं.

इतर वाचकांचीही अशी पत्रं येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. मुलाच्या क्रेडिट कार्डावर किंवा 'प्रायॉरिटी पास' या लाउंजच्या सभासद-कार्डावर आई-बाबा लाउंजमध्ये जातील असा पुष्कळांचा समज असतो. ज्याचं कार्ड तो स्वतः, त्या दिवसाच्या बोर्डिंग पाससह, दारात उभा हवा. सोबतच्यांचे बहुधा वेगळे पैसे लागतात आणि ते महिनाअखेर बिलात डॉलरमध्ये दिसतात. आपल्याकडच्या बऱ्याच बँकांनी आता मागच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच लाउंज, अशी अटही घातली आहे, ती निघण्याआधी पाहा, दारात नाही. दुसरं, बिझनेस क्लास म्हणजे लाउंज आलाच असं धरू नका. कतार आणि एमिरेट्स या दोघांच्याही सर्वांत स्वस्त बिझनेस तिकिटांत लाउंज धरलेला नसतो. तिसरं, लाउंजची बरीच दारं वेळ मोजतात, कुठे विमानाआधी तीनच तास आत घेतात, कुठे आत गेल्यापासून तीन तास मोजतात. आठ तासांच्या थांब्याला तीन तासांचा लाउंज घेऊन उरलेले पाच तास बाहेर बसलेली माणसं मला माहीत आहेत. चौथं, अबू धाबीमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच, विमानात बसण्याआधी होतं. त्याची रांग लाउंजच्या वेळातून वजा करा. आणि दोन वेगवेगळी तिकिटं काढून स्वस्तात जाणाऱ्यांनी तर लाउंजचा विचार शेवटी करावा, आधी बॅगा कुठे घ्यायच्या आणि त्यासाठी व्हिसा लागतो का ते पाहावं.

तिशीतला कोणी चार तास सिंगापूरला थांबणार असेल, तर त्याला मी लाउंज घे असंही म्हणणार नाही. चांगीत फुलपाखरांची बाग आहे, फुकट सिनेमा आहे, आडवं व्हायला जागा आहेत. ज्याला त्या चार तासांत खरंच काम उरकायचंय त्यानं खुशाल पैसे भरावेत. लाउंज ही वाईट गोष्ट नाही हो. गर्दीच्या रात्री, लहान मूल कडेवर असताना, किंवा विमान सहा तास लांबल्यावर एक शांत कोपरा, स्वच्छ मोरी आणि गरम वरण-भात मिळणं याची किंमत मी कमी लेखत नाही. तुमच्या बाबतीत फक्त दारावरची पाटी चुकली आहे.

राहिला ताजा कलम. आपल्यासारख्यांनी कसं वागायचं.

काउंटरवर बोर्डिंग पास आणि बुकिंग दाखवायचं. बस. लाउंज असो की हॉटेल, त्या विमानतळावर रोज जगभरातली दमलेली माणसं येतात. कुणी पायजम्यात असतं, कुणी डोक्यावर पांघरूण घेऊन घोरत असतं. नऊवारीत आलात तरी कोणी वळून बघणार नाही. बशीत चहा ओतून प्यायचा असेल तर प्या. खाण्याच्या टेबलावर पदार्थापुढे पाटी असते, कळलं नाही तर "व्हेज?" एवढं विचारलं की तिथला पोरगा सांगतो, आणि आखातातल्या विमानतळांवर त्या पोराचं मल्याळी किंवा नेपाळी असणं इतकं नेहमीचं आहे की हिंदीत विचारलं तरी चालून जातं. दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या, खोलीत किंवा गेटपाशी खायला काही हरकत नाही. लाउंजमध्ये बाहेरचं खाणं उघडू नये, एवढा एक रिवाज. तेल सुटलेलं लोणचं हातातल्या पिशवीत नको, ते तपासणीत अडतं. उरलेल्या दशम्या अमेरिकेत उतरण्याआधी संपवा नाहीतर तिथल्या कस्टम्सवाल्यांना खाण्याचं सामान आहे म्हणून सांगा.

आणि चुकामूक झाली तर? त्यांची खुर्ची पुढे, तुम्ही मागे, असं होऊ शकतं. तुमच्यासाठीही व्हीलचेअर मागा किंवा त्यांच्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून चाला. तरी हरवलात, तर भेटायची जागा आत्ताच ठरवा. विमानतळाच्या मधोमध, जिथे ए, बी आणि सी गेटांचे रस्ते मिळतात, तिथे एक भलंमोठं पिवळं अस्वल बसवलंय, सातेक मीटर उंच, पाठीतून दिवा निघालेलं. ऊर्स फिशर नावाच्या शिल्पकाराचं काम आहे. कुणालाही "यलो बेअर" म्हटलं की बोट दाखवतात. एवढी नावाजलेली कलाकृती आपल्या कंट्रोल केबिनच्या खुणेसारखी वापरायला मिळणार, तर यजमानांना वेळापत्रकाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात तेवढं लिहून ठेवायला सांगा: चुकामूक झाल्यास, अस्वल.